‘वाई आणि खंडाळा’ हवं असतं तेव्हा डेटाबेसला ‘ऑर’ का सांगावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत काम करणाऱ्या ताईंना वाई आणि खंडाळा तालुक्यांतल्या, दहा हजारांवर थकबाकी असलेल्या सभासदांची यादी हवी होती. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालली, एरर आली नाही, पण यादीत वाईचे असे सभासद आले ज्यांची एक रुपयाही थकबाकी नाही. मग ‘हे दोन तालुके सोडून बाकीचे’ अशी दुसरी यादी काढली, तर त्यात जवळजवळ सगळेच आले. शेवटी ‘नॉट इन’ (‘या यादीत नसलेले’) लावलं, तेव्हा यादी बरी दिसली, पण दोन्ही याद्यांची बेरीज एकूण सभासदसंख्येशी जुळेना.

ताई, या तिन्ही भानगडी एकाच घरातल्या आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देतो. (क्वेऱ्या आपण तोंडाने बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना कीवर्ड आणि आकडे अर्थातच रोमनमध्ये, आणि ‘डिसेंडिंग’ फक्त DESC.)

तुमची क्वेरी अशी होती:

सिलेक्ट सभासद_क्र, तालुका, थकबाकी
फ्रॉम सभासद
व्हेअर तालुका = 'वाई' ऑर तालुका = 'खंडाळा'
    अँड थकबाकी > १००००;

तुमच्या टेबलात हजारो रेकॉर्ड असतील. आपण सहाच घेऊ, म्हणजे बोटावर मोजता येतील:

१०१ | वाई | ०
१०२ | वाई | २४०००
१०३ | खंडाळा | ६५००
१०४ | खंडाळा | १८०००
१०५ | फलटण | ४००००
१०६ | (नल) | १५०००

हवे होते १०२ आणि १०४. आले १०१, १०२ आणि १०४. कारण अँड आणि ऑर एकत्र आले की अँड आधी सोडवला जातो, ऑर नंतर. शाळेत २ + ३ × ४ चं उत्तर २० नाही, १४ येतं, तसंच हे. त्यामुळे डेटाबेसने तुमचं वाक्य असं वाचलं: तालुका वाई असेल तर घ्या, बाकी काही बघू नका, किंवा तालुका खंडाळा असून थकबाकी दहा हजारांवर असेल तर घ्या. तुम्ही शेवटची ओळ छान आत सरकवून लिहिलीत, त्यामुळे ती वरच्या दोन्ही अटींना लागू आहे असं डोळ्याला वाटतं. डेटाबेस ते सरकवणं बघत नाही. त्याला कंस दिसतो.

व्हेअर (तालुका = 'वाई' ऑर तालुका = 'खंडाळा')
    अँड थकबाकी > १००००

किंवा त्याहून सुटसुटीत:

व्हेअर तालुका इन ('वाई', 'खंडाळा')
    अँड थकबाकी > १००००

माझा स्वतःचा नियम असा की एकाच व्हेअरमध्ये, म्हणजे अटींच्या भागात, अँड आणि ऑर दोन्ही आले की कंस घालायचाच, गरज असो वा नसो. काही जणांना हे बाळबोध वाटतं. वाटू दे. प्राधान्यक्रम मला पाठ आहे, पण सहा महिन्यांनी ती क्वेरी उघडणाऱ्याला तो पाठ असेलच असं नाही. बऱ्याचदा तो उघडणारा मीच असतो.

हा नियम मी फुकट शिकलेलो नाही. फार पूर्वी एका दूध संस्थेचं काम करत होतो. पशुखाद्याची उचल शिल्लक असलेल्या, गट ४ आणि गट ७ मधल्या उत्पादकांच्या दहा दिवसांच्या बिलातून पाचशे रुपये कपात लावायची होती. मी लिहिलं: व्हेअर गट = ४ ऑर गट = ७ अँड उचल_शिल्लक > ०. सिलेक्ट असता तर यादी चुकली असती, एवढंच. हा अपडेट होता, म्हणजे नोंदीच बदलणारा. गट ४ मधल्या झाडून सगळ्यांना कपात लागली, ज्यांनी कधी पेंडीचं पोतंही उचललं नव्हतं त्यांनासुद्धा. बिल वाटपाच्या दिवशी एक आजोबा पावती घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, “माझ्याकडं तर दोनच शेळ्या हायत, खाद्य कुणाला चारलं मी?” तेव्हापासून अपडेट किंवा डिलीट लिहिण्याआधी तीच व्हेअर सिलेक्टला लावून ओळी मोजतो. मग ट्रान्झॅक्शन (कमिट, म्हणजे पक्कं, करेपर्यंत मागे घेता येणारं काम) सुरू करतो, अपडेट चालवतो आणि ‘इतक्या ओळी बदलल्या’ हा आकडा आधीच्या मोजणीशी जुळला तरच कमिट करतो.

आता खरा मुद्दा. कंस विसरणं ही वरवरची चूक झाली. खालची अडचण अशी की आपण बोलतो ते यादीबद्दल आणि व्हेअर प्रश्न विचारतो एका ओळीला.

‘वाई आणि खंडाळ्याचे सभासद द्या’ हे वाक्य मराठीत अगदी बरोबर आहे. तयार यादीत वाईचेही असतील आणि खंडाळ्याचेही, म्हणून ‘आणि’. पण व्हेअरचं काम व्हाउचरचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलेल्या कारकुनासारखं चालतं. एक व्हाउचर उचलायचं, बघायचं, ठेवायचं किंवा बाजूला टाकायचं. आधीचं व्हाउचर काय होतं ते त्याला आठवत नाही, पुढचं काय आहे ते माहीत नाही. त्याला ‘तालुका वाई आणि खंडाळा असेल तर ठेव’ असं सांगितलंत तर तो प्रत्येक व्हाउचर बघून म्हणेल, एकाच माणसाचा तालुका एकाच वेळी वाईही आणि खंडाळाही कसा असेल? आणि शून्य ओळी परत देईल. त्याच्या दृष्टीने हे ‘किंवा’च आहे: हे व्हाउचर वाईचं आहे किंवा खंडाळ्याचं आहे का?

म्हणून नवीन मुलांना मी सांगतो की साहेबांनी तोंडी सांगितलेल्या वाक्यातला ‘आणि’ उचलून अँड लिहू नका. आधी एक ओळ डोळ्यापुढे धरा आणि तिला विचारता येईल असा हो-नाहीचा प्रश्न मराठीतच तयार करा. तो तयार झाला की क्वेरी जवळजवळ लिहून झालेली असते.

‘सोडून’ म्हणताना हीच गाठ उलट बसते. ‘वाई किंवा खंडाळा नको’ असं आपण म्हणतो आणि हात आपोआप लिहून जातो:

व्हेअर तालुका <> 'वाई' ऑर तालुका <> 'खंडाळा'

तुमच्या दुसऱ्या यादीत हेच झालं. कारकुनाच्या हातात वाईचं व्हाउचर आलं. वाई नाही का? आहे, म्हणजे पहिली अट चुकली. खंडाळा नाही का? नाही, म्हणजे दुसरी बरोबर. दोन्हींतली एक बरोबर असली की ऑरला पुरे. म्हणून वाईचेही आत, खंडाळ्याचेही आत. ज्याचा तालुका भरलेला आहे असा कुठलाही सभासद या अटीतून वगळला जाऊच शकत नाही. आपल्या सहा ओळींत १०१ ते १०५ सगळे येतात. इथे अँड हवा, किंवा सरळ ‘नॉट इन’.

याला डी मॉर्गनचा नियम म्हणतात: ‘(अ किंवा ब) नाही’ म्हणजे ‘अ नाही आणि ब नाही’. नॉट कंसाच्या आत गेला की ऑरचा अँड होतो आणि अँडचा ऑर. हे ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मले, लहानपणीच इंग्लंडला गेले. दिल्लीच्या रामचंद्रांचं गणितावरचं पुस्तक १८५९ मध्ये लंडनला पुन्हा छापून आलं, त्याला प्रस्तावना याच गृहस्थांची. परीक्षेत हा नियम सगळ्यांना येतो. कामावर मात्र ‘नको’च्या यादीत ऑर लिहिलेला मी दर महिन्याला कुणाच्या तरी क्वेरीत बघतो.

आता बेरीज. तुमच्या ‘इन’च्या यादीत (थकबाकीची अट काढून) चार सभासद: १०१ ते १०४. ‘नॉट इन’च्या यादीत एक: १०५. चार आणि एक पाच, टेबलात सहा. १०६ दोन्हीकडे नाही.

आपल्याला वाटतं की उत्तर हो किंवा नाही, तिसरं काय असणार? डेटाबेसकडे तिसरं आहे: ‘माहीत नाही’. १०६ चा तालुका नल आहे. नल म्हणजे शून्य नव्हे, मोकळी जागाही नव्हे. किंमत नोंदलेलीच नाही. ‘हा वाईचा आहे का?’ माहीत नाही. ‘हा वाईचा नाही ना?’ तेही माहीत नाही. ‘माहीत नाही’ला नॉट लावलं तरी ‘माहीत नाही’च राहतं. आणि व्हेअर फक्त ज्यांचं उत्तर स्पष्ट ‘हो’ आहे त्यांनाच ठेवतो. त्यामुळे हा माणूस यादीतूनही गळतो आणि उलट यादीतूनही. त्याची पंधरा हजारांची थकबाकी कुठल्याच वसुली अधिकाऱ्याच्या कागदावर येत नाही.

अँड-ऑरशी हा ‘माहीत नाही’ कसा वागतो ते पाठ करायची गरज नाही, व्यवहाराने लावता येतं. ‘चूक अँड माहीत नाही’ म्हणजे चूकच, कारण दुसरं काहीही निघालं तरी एकूण चूकच राहणार. ‘बरोबर ऑर माहीत नाही’ म्हणजे बरोबर, त्याच कारणाने. बाकी ठिकाणी उत्तर ‘माहीत नाही’ आणि ओळ बाहेर.

उपाय म्हणून ती शक्यता उघड लिहायची:

व्हेअर तालुका नॉट इन ('वाई', 'खंडाळा')
    ऑर तालुका इज नल

यात पुढे थकबाकीची अट जोडणार असाल तर पुन्हा कंस आलाच. ‘तालुका = नल’ असं मात्र कधीही लिहू नका. त्याचंही उत्तर ‘माहीत नाही’, म्हणजे शून्य ओळी. आणखी एक बघून घ्या: १०६ मध्ये खरंच नल आहे की रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर)? पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेसांमध्ये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ओरॅकल या तिसऱ्यात रिकामी स्ट्रिंग नलच धरली जाते. एक्सेलमधून डेटा भरला असेल तर बऱ्याचदा दोन्ही प्रकार एकाच कॉलममध्ये सापडतात.

तुम्ही बेरीज करून बघितलीत याचं मात्र मला फार कौतुक वाटलं. पतसंस्थेत तेरीज जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही. क्वेरीला तीच शिस्त लावायची. अटीची मोजणी, उलट अटीची मोजणी आणि नलची मोजणी, तिन्ही मिळून एकूण ओळी झाल्याच पाहिजेत.

याच नलचं एक जास्त वाईट रूप आहे आणि ते तुम्हाला मार्चअखेर हमखास भेटेल. ‘एकदाही भरणा न केलेले सभासद’ काढायचे म्हणून आपण लिहितो:

व्हेअर सभासद_क्र नॉट इन
    (सिलेक्ट सभासद_क्र फ्रॉम भरणा)

वर्षभर ही क्वेरी नीट चालते. मग एक दिवस कुणाचे तरी एनईएफटीने पैसे येतात, कुणाचे ते कळत नाही, म्हणून ते सस्पेन्सला (तात्पुरत्या खात्यात) टाकले जातात आणि भरणा टेबलात सभासद_क्र नल असलेली एक ओळ तयार होते. त्या एका ओळीने आख्खी यादी शून्य होते. एररही नाही, सूचनाही नाही. कारण आता प्रत्येक सभासदाला विचारलं जातं: तू भरणाऱ्यांपैकी कुणीच नाहीस ना? आणि त्यांच्यातला एक कोण तेच माहीत नसल्याने उत्तर कधीच स्पष्ट ‘हो’ येत नाही. ज्याने खरोखर भरणा केला आहे त्याचं उत्तर ‘नाही’, बाकी सगळ्यांचं ‘माहीत नाही’. साहेब खूश, म्हणतात यंदा सगळ्यांनी भरणा केला. सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) असेल तिथे मी नॉट इन वापरणं सोडून दिलंय. त्याऐवजी:

व्हेअर नॉट एक्झिस्ट्स
    (सिलेक्ट १ फ्रॉम भरणा
     व्हेअर भरणा.सभासद_क्र = सभासद.सभासद_क्र)

इथे प्रश्न ‘जुळणारी ओळ सापडली का’ एवढाच आहे. नलची ओळ कुणाशीच जुळत नाही, म्हणून ती कुणाचं नुकसानही करत नाही.

कारकुनाला मागचं व्हाउचर आठवत नाही, याचा दुसरा फटका असा: ‘सोनेतारण आणि वाहनतारण दोन्ही कर्जं असलेले सभासद’. कर्जखाते टेबलात प्रत्येक कर्जाची ओळ वेगळी. तिथे प्रकार = 'सोनेतारण' अँड प्रकार = 'वाहनतारण' लिहिलंत तर शून्य. ऑर लिहिलंत तर एकच कर्ज असलेलेही आत. म्हणजे इथे अँडही नाही, ऑरही नाही. प्रश्नच एका ओळीचा नाही. दोन एक्झिस्ट्स लिहून त्यांच्यामध्ये अँड टाका, किंवा गठ्ठे करा:

सिलेक्ट सभासद_क्र फ्रॉम कर्जखाते
व्हेअर प्रकार इन ('सोनेतारण', 'वाहनतारण')
ग्रुप बाय सभासद_क्र
हॅविंग काउंट(डिस्टिंक्ट प्रकार) = २;

डिस्टिंक्ट विसरू नका. दोन वेळा सोनं ठेवणारे सभासद कमी नसतात.

लेफ्ट जॉइनचंही (पहिल्या टेबलातली प्रत्येक ओळ ठेवून दुसऱ्यातलं जुळणारं शेजारी आणणं) थोडक्यात सांगतो. सगळे सभासद आणि त्यांचा मार्चमधला भरणा हवा म्हणून लेफ्ट जॉइन केलात आणि भरण्याच्या तारखेची अट व्हेअरमध्ये टाकलीत, तर मार्चमध्ये भरणा न केलेले सगळे गळतात, कारण त्यांच्या ओळीत तारीख एकतर नल असते किंवा दुसऱ्या महिन्याची. ती अट ‘ऑन’मध्ये (टेबलं जोडायच्या अटीत) हलवा.

तारखेवरून आठवलं. ‘बिटवीन ... अँड ...’ मधला अँड हा आपला अँड नव्हे, तो बिटवीनचाच अवयव. त्यात दोन्ही टोकं धरली जातात, हे बरोबर. पण कॉलममध्ये तारखेबरोबर वेळही असेल तर '२०२५-०३-३१' याचा अर्थ ३१ मार्चला मध्यरात्री शून्य वाजता. त्या दिवशी सकाळी ११.२० ला भरलेला हप्ता बाहेर. वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवसच अहवालातून जातो. तारीख >= '२०२५-०३-०१' अँड तारीख < '२०२५-०४-०१' असं लिहा, फेब्रुवारी किती दिवसांचा तेही आठवावं लागत नाही.

तालुक्याचे कोड वापरत असाल तर ‘तालुका_कोड = ३ ऑर ५’ हा मोहही टाळा. मराठीत ‘कोड तीन किंवा पाच’ चालतं. मायएसक्यूएल मात्र सुटा ५ ‘शून्य नाही म्हणजे बरोबर’ असा धरतो आणि सगळं टेबल समोर ओततो. पोस्टग्रेस निदान एरर देऊन थांबतो, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. शिवाय ऑरऐवजी दोन उभ्या रेघा लिहायची सवय असेल तर मोडा: मायएसक्यूएलमध्ये मूळ सेटिंगला त्या ऑर आहेत, पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये त्या शब्द जोडतात.

प्रोग्रामिंगमधून आलेल्यांची एक खोड वेगळी. ‘हप्ता <> ० अँड थकबाकी / हप्ता > ३’ असं लिहून ते निश्चिंत होतात, कारण त्यांच्या भाषेत पहिली अट चुकली की दुसरी बघितलीच जात नाही. एसक्यूएलमध्ये (या क्वेऱ्यांच्या भाषेत) डावीकडचं आधी तपासलं जाईल अशी हमी नाही. ऑप्टिमायझरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) जे सोयीचं ते तो आधी करतो, आणि पोस्टग्रेसवर शून्याने भागल्याची एरर एखाद्या दिवशी अचानक येते. थकबाकी / नलइफ(हप्ता, ०) > ३ लिहा. हप्ता शून्य असला की भागाकार नल होतो, उत्तर ‘माहीत नाही’ येतं आणि ओळ गळते. एरवी त्रास देणारा नल इथे कामाला येतो.

वेगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण एक वाक्य. दोन वेगळ्या कॉलमांवर ऑर असेल, म्हणजे सभासद क्रमांक किंवा मोबाइल, आणि क्वेरी रेंगाळत असेल, तर एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) लावून इंडेक्स (लवकर शोधण्यासाठीची सूची) वापरला जातोय का बघा. नसेल तर दोन सिलेक्ट युनियनने जोडून बघा.

तुमच्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट राहिली, आणि ती ऑपरेटरची नाही, अक्षरांची आहे. पुढे कऱ्हाड तालुक्याची यादी काढाल तेव्हा आधी सिलेक्ट डिस्टिंक्ट तालुका चालवा. ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ असे दोन तर दिसतीलच. पण ‘कऱ्हाड’ही दोनदा दिसला तर चक्रावू नका. तो अर्धा ऱ कुणी ‘ऱ’ला हलंत जोडून टाइप करतो, कुणी ‘र’, हलंत आणि न दिसणारा जोडचिन्हाचा कोड टाकून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण कोलेशन (अक्षरांची तुलना करायचे नियम) कुठलं आहे त्यावर डेटाबेस त्यांना एक मानेल की दोन ते ठरतं. तोपर्यंत इनच्या कंसात जेवढी रूपं सापडतील तेवढी टाका, आणि सवड मिळाली की तालुक्यांचं वेगळं मास्टर टेबल करून नावाऐवजी कोड ठेवा. अकराच तर तालुके आहेत.

तुमच्या आजच्या कामापुरती क्वेरी ही:

सिलेक्ट सभासद_क्र, तालुका, थकबाकी
फ्रॉम सभासद
व्हेअर (तालुका इन ('वाई', 'खंडाळा') ऑर तालुका इज नल)
    अँड थकबाकी > १००००
ऑर्डर बाय तालुका, थकबाकी डिसेंडिंग;

नलवाले मुद्दाम आत घेतलेत. ते कुठल्या तालुक्याचे हे संगणकाला कळणार नाही, पण त्यांचे सभासदत्वाचे अर्ज तुमच्याच कपाटात असतील. यादी वसुली अधिकाऱ्याकडे जाण्याआधी ते पत्ते बघून तालुका भरून टाका, आणि मग ‘ऑर तालुका इज नल’ काढून तीच क्वेरी पुन्हा चालवा.